सरावात माणूस का मरावा?

"वर्ध्याचा आणि समुद्राचा संबंध काय?" या लेखाचा विषय सांगितल्यावर मराठी विभागाच्या संपादकांनी पहिला प्रश्न हाच विचारला. बरोबरच आहे म्हणा! आपल्याकडे पाणी म्हणजे पवनारची धाम नदी, बोरचं धरण आणि हॉस्टेलवर सकाळी आंघोळीच्या ऐन वेळी संपणारी टाकी. समुद्र बघायचा तर सेवाग्राम एक्सप्रेसमध्ये एक अख्खी रात्र काढावी लागते.

पण मित्रांनो, संबंध आहे. मेकॅनिकलची मुलं बी.ई. झाल्यावर वर्षभराचा जी.एम.ई. कोर्स करून मर्चंट नेव्हीत जातात. पगार डॉलरमध्ये असतो, त्यामुळे थर्ड इयरपासूनच हॉस्टेलमध्ये त्याची चर्चा असते. माझा एक सीनियर असाच गेला. सुट्टीवर आला की तो एक चक्कर हॉस्टेलवर मारतोच. मागच्या वेळी मेसच्या पायऱ्यांवर गप्पांचा फड जमला होता. आमच्यातल्या एकाने त्याला विचारलं, "तुले जहाजावर सगळ्यात जास्त भेव कायचं लागते बे?"

आम्हाला वाटलं आता चाचे येणार, वादळ येणार, इंजिन रूममधली आग येणार. तो म्हणाला, "लाइफबोट ड्रिलचं."

आम्ही हसलो. जीव वाचवायच्या बोटीचं भेव! तो मात्र हसला नाही. म्हणाला, "हसा लेकहो. जहाज बुडताना मी अजून पाह्यलं नाही. पण ड्रिलच्या वक्ती बोटीत बसून वरच्या हुककडे टक लावून पाहणारे लय पाह्यले."

ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. मग लायब्ररीत आणि नेटवर जमेल तेवढं वाचलं. जे वाचलं त्यावरून माझं एक ठाम मत झालं आहे, ते सांगण्यासाठी हा लेख. मत असं, की सरावासाठी लाइफबोट खाली सोडताना किंवा वर ओढताना तिच्यात माणूस असताच कामा नये. बोट रिकामी उतरवा, माणसं शिडीने खाली जाऊन पाण्यावर तरंगणाऱ्या बोटीत बसू द्या, बोट चालवू द्या, आणि वर घेतानाही ती रिकामीच घ्या. एवढी साधी गोष्ट. पण या साध्या गोष्टीपर्यंत यायला जगाला किती वर्षं लागली आणि अजून ती सगळीकडे का पोचली नाही, हे बघण्यासारखं आहे.

आधी व्यवस्था काय असते ते सांगतो, म्हणजे सिव्हिल आणि कॉम्प्युटरवाल्यांनाही कळेल. मोठ्या जहाजाच्या दोन्ही बाजूंना, पाण्यापासून पंधरा-वीस मीटर उंचीवर लाइफबोटी टांगलेल्या असतात. टांगणाऱ्या लोखंडी हातांना डेव्हिट म्हणतात. बोटीच्या पुढच्या टोकाला एक हुक, मागच्या टोकाला एक. प्रत्येक हुकला वरून आलेली एक तार. विंचचा ब्रेक सैल केला की बोट स्वतःच्या वजनाने खाली जाते. पाण्यात टेकली की आतल्या माणसाने लीव्हर ओढायचा आणि दोन्ही हुक एकदम सुटले पाहिजेत. एकच सुटला तर बोट एका टोकावर उभी लटकते आणि आतली माणसं डब्यातल्या शेंगदाण्यासारखी खाली येतात.

नियम सांगतो की प्रत्येक खलाशाने महिन्यातून एकदा तरी जहाज सोडण्याच्या सरावात भाग घ्यायचा आणि प्रत्येक लाइफबोट दर तीन महिन्यांतून एकदा पाण्यात उतरवून चालवून बघायची. नियम चांगला आहे. टायटॅनिकच्या रात्री पहिली बोट निघाली तेव्हा ६५ जणांच्या जागेत तीसही माणसं नव्हती. त्या दुर्घटनेनंतर १९१४ साली समुद्रावरील जीवरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, तोच पुढे वेळोवेळी सुधारला गेला आणि 'सोलास' या नावाने आजही लागू आहे. सराव हवाच, याबद्दल वाद नाही.

वाद हुकचा आहे.

२७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात अलेक्झांडर किलँड नावाचा, तेल कामगारांच्या राहण्याचा तरंगता प्लॅटफॉर्म उलटला. २१२ माणसं होती, १२३ गेली. त्या वादळात लाइफबोटी खाली सोडल्या, पण लाटांमुळे तारांवर ताण राहिला, आणि ताण असेपर्यंत हुक सुटायचेच नाहीत अशी त्यांची रचना होती. काही बोटी तारांना अडकूनच प्लॅटफॉर्मवर आपटल्या. त्यानंतर ठरलं की हुक भार असतानाही सुटला पाहिजे. १ जुलै १९८६ पासून बांधलेल्या जहाजांना तशी सक्ती झाली.

आता मेकॅनिकलवाल्यांनो, इथे जरा थांबा. भार असताना सुटणारा हुक म्हणजे काय? तर हुकच्या शेपटीला एक कॅम अडवून धरतो. लीव्हर ओढला की केबलने कॅम फिरतो, शेपटी मोकळी होते, हुक उघडतो. कागदावर झकास. पण अनेक डिझाइनमध्ये बोटीचं वजनच हुकला उघडण्याच्या दिशेने ढकलत असे, आणि त्याला अडवून धरायला काय, तर कॅमची एक कड! कॅम थोडा झिजला, केबल थोडी गंजली, किंवा मागच्या वेळी बोट वर घेताना हुक पूर्ण बसला नाही, तर लीव्हरला कोणी हात न लावताही हुक उघडणार. म्हणजे बंद दरवाज्याला आतून कोणीतरी सतत रेटतंय आणि कडी नखाएवढी अडकली आहे. लीव्हर व्यवस्थित लॉक दिसतो, सगळे निर्धास्त, आणि बोट वीस मीटरवरून खाली.

एका अपघाताचं उत्तर शोधताना दुसऱ्या अपघाताची सोय करून ठेवली ती अशी.

ब्रिटनच्या सागरी अपघात तपास संस्थेने २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आधीच्या दहा वर्षांत त्यांच्याकडे नोंदलेल्या व्यापारी जहाजांवरच्या मृत्यूंपैकी १२ मृत्यू, म्हणजे १६ टक्के, लाइफबोटी आणि त्या उतरवण्याच्या यंत्रणेमुळे झाले होते. ८७ जण जखमी. आणि हे सगळे सरावात किंवा चाचणीत, अनुभवी आणि प्रशिक्षित लोक काम करत असताना किंवा देखरेख करत असताना! बुडत्या जहाजावरचा यातला एकही नाही. हा आकडा वाचला तेव्हा मला माझ्या सीनियरचं हुककडे बघणं कळलं.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? वर्षानुवर्षं असे अपघात 'मानवी चूक' या सदरात टाकले जात होते. हुक नीट बसवला नाही, सूचना वाचल्या नाहीत, प्रशिक्षण कमी पडलं. अहो, पण तो माणूस सहा-आठ महिन्यांनी जहाज बदलतो. प्रत्येक जहाजावर हुकची कंपनी वेगळी, लीव्हर वेगळा, पिन वेगळी, मॅन्युअल तर कधी कधी वाचणाऱ्याला कळेल अशा भाषेतही नसतं. त्याने लाटांवर हेलकावणाऱ्या बोटीत उभं राहून, डोक्यावर झुलणारा लोखंडी जड ठोकळा हाताने धरून, हुक अडकवायचा आणि कॅम पूर्ण बसला की नाही हे फटीतून बघायचं. आपण व्हायव्हामध्ये एअर कंडिशन्ड केबिनमध्ये बसून साधा फोर-बार मेकॅनिझम काढताना चुकतो! जे यंत्र दमलेल्या, घाबरलेल्या, साध्या माणसाच्या हातून एकदा तरी चुकणारच, त्या यंत्राचं डिझाइन चुकलेलं आहे. माणूस चुकला हे तपासाचं पहिलं पान झालं, शेवटचं नव्हे.

हळूहळू हे मान्य झालं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००६ च्या परिपत्रकात सुचवलं की माणसं बसवण्यापूर्वी बोट आधी रिकामी खाली-वर करून बघा, आणि नंतरही फक्त बोट चालवायला लागतील तेवढीच माणसं घ्या. २००९ साली आणखी एक गोष्ट आली, पडणं रोखणारा पट्टा किंवा पिन. हुकला समांतर एक मजबूत नायलॉनसारखा पट्टा लावायचा, म्हणजे हुक उघडला तरी बोट लटकून राहील. इथे एक बारकावा छान आहे. हा पट्टा तारेचा किंवा साखळीचा चालत नाही, कारण ते झटका शोषत नाहीत. कृत्रिम धाग्याचा हवा, आणि सुरक्षा गुणांक किमान ६. स्ट्रेंथ ऑफ मटेरियलच्या तासाला इम्पॅक्ट लोडिंग कशाला शिकायचं, असं ज्यांना वाटतं (त्यात मीही होतो), त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

मग २०११ मध्ये मूळ दुखण्याला हात घातला. भारामुळे आपोआप उघडू पाहणारे हुक बाद ठरवले. नियम १ जानेवारी २०१३ पासून लागू झाला आणि जुन्या जहाजांना हुक सुधारायला किंवा बदलायला शेवटची मुदत होती १ जुलै २०१९. हिशेब करा. १९८६ ते २०१९. तेहतीस वर्षं! २०२० पासून वार्षिक तपासणी, दुरुस्ती आणि चाचणी अधिकृत प्रमाणपत्र असलेल्या माणसांनीच करायची असंही बंधन आलं.

मग प्रश्न सुटला म्हणायचं का? नाही. कारण हुकच्या वर तार असते.

१० फेब्रुवारी २०१३ रोजी कॅनरी बेटांवरच्या ला पाल्मा बंदरात थॉमसन मॅजेस्टी या प्रवासी जहाजावर ड्रिल चालू होतं. बोटीत आठ खलाशी. बोट वर येत असताना पुढची तार तुटली. बोट उभी झाली, मग मागचा हुकही निकामी झाला, आणि बोट वीस मीटरहून जास्त उंचीवरून उलटी पाण्यात पडली. पाच जण गेले, तीन इंडोनेशियाचे, एक घानाचा, एक फिलिपिन्सचा. तपासात काय निघालं? बोट जागेवर टांगलेली असताना तारेचा जो तुकडा सगळ्यात वरच्या कप्पीवर बसलेला असतो, तो आतून गंजला होता. तिथे हात पोचत नाही, ग्रीस पोचत नाही. तार बदलून तीन वर्षंही झाली नव्हती, आणि नियमाने ती पाच वर्षं चालते. रजिस्टरप्रमाणे सगळं ठीक होतं!

पुढे १३ सप्टेंबर २०१६ ला फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात हार्मनी ऑफ द सीजवर ड्रिलच्या वेळी बोट खाली पडली. एक जण गेला, चार जखमी झाले. हे जहाज त्या वेळी जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी जहाज होतं आणि सेवेत येऊन जेमतेम चार महिने झाले होते. तेव्हा 'जुनी जहाजं, गरीब कंपन्या' हेही उत्तर पुरत नाही.

म्हणून माझा मुद्दा. हुक चांगला करा, तार वेळेवर बदला, पट्टा लावा, सगळं करा. पण या सगळ्यातलं काहीही फसलं तरी माणूस मरू नये याची खात्री एकाच गोष्टीने मिळते, ती म्हणजे माणूस त्यात नसणं. आपल्याकडे विहीर खणताना यारीच्या दोराला लटकलेल्या डोलात बसून मजूर खाली उतरतात ते तुम्ही पाहिलं असेल. आपल्या पोटात गोळा येतो, कारण तो दोर दगड-माती ओढायचा आहे, माणसाचा नाही. लिफ्टमध्ये बसताना मात्र काही वाटत नाही. लिफ्टला एकाहून अधिक दोर असतात आणि सगळे तुटले तरी रुळाला पकडणारी यंत्रणा खाली असते. लाइफबोटीला दोन टोकांना दोन तारा. एक तुटली तर दुसरी वाचवत नाही, उलट बोट उभी करते. म्हणजे दिसायला ती लिफ्ट, पण खरं बघता यारीचा डोल.

यावर जुन्या जाणत्या खलाशांचा आक्षेप असतो, आणि तो खोटा नाही. ते म्हणतात, रिकामी बोट उतरवून माणसाला खऱ्या प्रसंगाची सवय कशी लागणार? अंधार, तिरकं झालेलं जहाज, बोटीत रडणारी माणसं. त्या वेळी पहिल्यांदा बसला तर हातपाय गळतील. शिवाय तो पट्टा घाईत काढायचाच राहिला तर बोट सुटणारच नाही, म्हणजे पुन्हा १९८०! हे मान्य. पण सवय लावायची जागा वीस मीटर उंची नव्हे. पाण्यावर तरंगणाऱ्या बोटीत बसून लीव्हर ओढा, इंजिन सुरू करा, पट्टा काढा, पुन्हा लावा, पन्नास वेळा करा. मुंबईतल्या ट्रेनिंग सेंटरमध्ये जमिनीपासून दोन फुटांवर खरे हुक टांगून शिकवा, वेगवेगळ्या कंपन्यांचे शिकवा. नियमाची आताची भाषासुद्धा बोट 'उतरवा आणि नेमलेल्या माणसांनी पाण्यात चालवा' अशी आहे. उतरवताना ते आत बसलेच पाहिजेत असं ती म्हणत नाही. म्हणजे नियमाने वाट मोकळी केली आहे, अडलं आहे ते वेळेवर. सीनियर म्हणतो, बंदरात मोजके तास मिळतात. शिडी लावा, माणसं खाली न्या, पुन्हा वर आणा, यात एक तास जास्त जातो. एका तासासाठी!

आणि या धोक्याचा दुसरा परिणाम जास्त वाईट आहे. ज्या सरावाची भीती वाटते तो सराव हळूहळू कागदावरच होऊ लागतो. बोट जागची हलत नाही, सगळे लाइफजॅकेट घालून रांगेत उभे राहतात, फोटो काढतात, सही करतात. असं काही जहाजांवर चालतं हे तोच सांगत होता. मग खरी वेळ आली की?

खरी वेळ येते हो. १७ मे २०२१. तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात, बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात पी-३०५ नावाचा बार्ज नांगर तुटून भरकटला, एका प्लॅटफॉर्मवर आदळला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. सगळी काही खलाशी नव्हती. समुद्रात काम करायला आलेले वेल्डर होते, फिटर होते, इंजिनिअर होते. वरप्रदा नावाची टग बोटही त्याच वादळात बुडाली. नौदलाने आणि तटरक्षक दलाने रात्रंदिवस शोधून १८८ जणांना वाचवलं, दोन्ही मिळून ८६ जण गेले. बार्जवरच्या अनेक तराफ्यांना भोकं होती, पाण्यात टाकल्यावर ते उपयोगी पडलेच नाहीत, असं वाचलेल्यांनी सांगितल्याचं त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून आलं होतं. सराव का हवा याचं याहून मोठं उदाहरण मला सापडत नाही. जी वस्तू कधी उघडूनच बघितली जात नाही, तिला भोक आहे हे कळणार केव्हा?

म्हणजे सराव करायचा तर माणूस मरतो, नाही करायचा तर माणसं मरतात, अशा कात्रीत खलाशाला आणून ठेवलंय. कात्री त्याने केलेली नाही, आपण इंजिनिअरांनी केली आहे.

हॉस्टेलवाल्यांना वाटेल हे सगळं दूर समुद्रात चाललंय. तर जुलै २०१८ मधली कोइमतूरजवळच्या एका कॉलेजातली घटना आठवा. आपत्ती व्यवस्थापनाचं शिबिर. खाली मुलं जाळी धरून उभी, वरून उडी मारून दाखवायची. १९ वर्षांची एक मुलगी दुसऱ्या मजल्याच्या छज्जावर बसून कचरत होती, ट्रेनरने तिला ढकललं. खालच्या मजल्याच्या छज्जावर तिचं डोकं आपटलं आणि ती गेली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने नंतर त्या शिबिराशी आपला संबंध नसल्याचं जाहीर केलं. टीव्हीवर तो व्हिडिओ दाखवत होते, मी पूर्ण बघू शकलो नाही. तिथेही तीच चूक होती. उडी शिकवायला आधी वाळूचं पोतं टाकून बघता आलं असतं. पहिल्यांदा माणूसच का?

माझं म्हणणं असं की सरावात 'नको' म्हणायचा अधिकार ज्याला नाही, तिथे तो सराव नसून हुकूम असतो. ती मुलगी कचरत होती. बोटीत बसताना हुककडे बघणारा खलाशीही कचरत असतो. त्याची ती नजर म्हणजे तपासणीच आहे, पण रजिस्टरमध्ये तिच्यासाठी रकाना नाही. तो रकाना असावा. ज्याला हुक, पिन किंवा तार याबद्दल शंका आहे त्याने म्हणावं, मी चढत नाही, आधी दाखवा. आणि त्याचा पुढचा कॉन्ट्रॅक्ट त्यामुळे जाऊ नये. भारतात नोंदलेले सक्रिय खलाशी अडीच लाखांवर आहेत, जहाजबांधणीत मात्र आपण जगात फार मागे आहोत. म्हणजे डिझाइन दुसऱ्यांचं आणि बसणारी माणसं आपली. आपल्या नौवहन महासंचालनालयाचं ऑफिस मुंबईतच आहे. भारतीय खलाशांसाठी 'उतरवताना-चढवताना बोट रिकामी' हाच सर्वसाधारण नियम आणि माणूस बसवणं हा लेखी कारण देऊन केलेला अपवाद, असं त्यांनी करावं असं मला वाटतं.

आपल्या पातळीवर काय? एक गोष्ट मी डिपार्टमेंटला सुचवणार आहे. फायनल इयरच्या प्रोजेक्टला दरवर्षी तेच सोलर ड्रायर आणि तीच कापूस वेचणारी मशीन येतात (कापसाच्या जिल्ह्यात ते ठीकच आहे, पण किती वेळा?). त्याऐवजी वर्कशॉपमध्ये लाइफबोटीच्या हुकचं अर्ध्या आकाराचं मॉडेल करू. एक जुन्या पद्धतीचा, भाराने उघडू पाहणारा, एक नव्या पद्धतीचा. दोन्हींवर वजन टांगायचं आणि कॅमची कड थोडी थोडी घासत जायची. कोणता कधी सुटतो ते मोजायचं. खाली वाळूचं पोतं ठेवू, माणूस नाही.

मुलं तीन तयार आहेत, चौथा बघतोय. गाइड म्हणून कोणते सर तयार असतील तर त्यांनी हॉस्टेलवर निरोप धाडावा. सीनियरला फोन केला होता. तो म्हणाला जुन्या हुकचं ड्रॉइंग पाठवतो, पण आठवड्याने. शनिवारी त्यांचं ड्रिल आहे.